एंजल माशांसाठी उचललेलं घर

"पेटी वाकडी आहे तुझी," नेव म्हणाला.

अॅथल प्रिंगलने हातातली बादली खाली ठेवली. ही बाविसावी. परसातल्या पावसाच्या पाण्याच्या टाकीपासून पुढच्या खोलीपर्यंत बावीस खेपा घालून त्याची कंबर धरली होती. या बावीसही खेपांमध्ये शेजारचा नेव मॅकार्डल खुर्चीत बसून होता, कारण गुडघ्यामुळे डॉक्टरांनी त्याला ओझं उचलायला मनाई केली होती. बोलायला मनाई केली नव्हती.

"काचेची पेटी वाकडी कशी असेल?" अॅथलने विचारलं.

"मला कशाला विचारतोस? पाण्याला विचार."

अॅथल दोन पावलं मागे सरकला. चार फुटी पेटी जवळजवळ भरली होती. उजव्या टोकाला पाणी काठापासून दोन बोटं खाली होतं. डाव्या टोकाला एकच बोट.

हे सगळं सुरू झालं होतं ते त्याच्या बायकोच्या, ग्लेनिसच्या डोळ्यांमुळे. तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांच्या आडगावात, विराबिलात, डोळ्यांचा डॉक्टर वर्षातून दोनदा येतो, तोही चष्म्याचा नंबर सांगून संध्याकाळच्या आत पळतो. त्यामुळे ऑपरेशनसाठी ती दूरच्या टूवुम्बा शहरात, कोरल या आपल्या बहिणीकडे जाऊन राहिली होती. आधी एक डोळा, तीन आठवड्यांनी दुसरा. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी तिने फोन केला.

"अॅथल, इथे दवाखान्यात बाहेर बसतात ना, तिथे मासे आहेत. एंजल मासे म्हणतात. पट्टी काढल्यावर पहिलं काही स्वच्छ दिसलं तर ते. चंदेरी अंग, त्यावर काळे पट्टे, आणि पर इतके लांब की काय सांगू. मी तासभर तिथेच बसले. नर्सला वाटलं, मला न्यायला कुणी आलंच नाही."

ग्लेनिस एका दमात एवढं कधी बोलत नसे. चौतीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी मागितलेल्या वस्तू एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि त्यातही एक तवा होता. आत्ताही तिने काही मागितलं नव्हतं. पण तिचा आवाज ऐकून अॅथलला भरून आलं, आणि माणसाला भरून आलं की तो नको ते कबूल करतो.

"तू घरी येशील ना, तेव्हा असेच मासे आपल्या पुढच्या खोलीत असतील," तो म्हणाला.

"तू आधी खिळा सरळ ठोकायला शीक," ग्लेनिस हसून म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

या खिळ्याबद्दल सांगायलाच हवं. पुढच्या खोलीत त्यांच्या लग्नाचा फोटो टांगलेला होता. या घरात राहायला आले त्याच आठवड्यात अॅथलने तो लावला, आणि तेव्हापासून तो वाकडा होता. ग्लेनिस रोज सकाळी त्याच्या कोपऱ्याला बोट लावून तो सरळ करी. दुपारपर्यंत फोटो पुन्हा आपल्या मूळ वळणावर जाई. अॅथलने खिळा तीनदा उपटून तीनदा ठोकला, फोटोची दोरी बदलली, शेवटी फ्रेमही बदलली. फोटो बधला नाही. आणि अॅथल होता कौन्सिलचा ग्रेडर चालवणारा. निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं त्याने त्या यंत्राने पंचक्रोशीतले मातीचे रस्ते सपाट केले होते. "शंभर मैल रस्ता सुतासारखा करतो, घरात एक खिळा सरळ ठोकता येत नाही," हे वाक्य ग्लेनिसने पाहुण्यांसमोर, ख्रिसमसच्या जेवणात, आणि एकदा चर्चच्या चहापानात नव्या पाद्रीसाहेबांसमोरही ऐकवलं होतं. अॅथल हसून सोडून देई. पण ते त्याला लागायचं.

म्हणून या वेळी त्याने काम पद्धतशीर करायचं ठरवलं. दवाखान्यात फोन करून ते मासे कोण सांभाळतं ते विचारलं. मोरीन नावाच्या बाई निघाल्या. टूवुम्बातच त्यांचं माशांचं दुकान होतं.

"तुमच्याकडे पाणी कुठलं?" मोरीनबाईंनी विचारलं.

"बोअरचं. जमिनीतूनच कढत येतं. अंड्यांचा वास असतो, पण सवय होते."

"तुम्हाला होत असेल, माशांना नाही होणार. पावसाचं पाणी आहे का?"

"आहे थोडं. आम्ही ते चहाला ठेवतो."

"मग आता ते माशांना ठेवा. त्यात दोन बादल्या तुमचं ते बोअरचं, गार करून. आणि ऐका, पेटी एकदम सपाट जागी पाहिजे. जरा जरी कलली तरी काचेवर एकीकडे ताण येतो, मग एक दिवस तडकते. भरलेली पेटी फुटली तर घरात काय होतं ते मी पाहिलंय. महिनाभर ती नुसती चालू ठेवा, रोज चिमूटभर खाणं टाका, मग मासे."

"मासे नसताना खाणं?"

"पाण्यात जंतू तयार व्हावे लागतात. चांगले जंतू. ते झाले नाहीत तर मासे आठवड्यात मरतील."

पेटी पबच्या मालकाने दिली. त्याने त्यात पूर्वी अजगर पाळला होता. तो अजगर पुढे कुठे गेला हे त्याने सांगितलं नाही आणि पबात कुणी विचारलंही नाही. पेटीखालचा चौथरा अॅथलने रेल्वेच्या जुन्या स्लीपरचा केला, रंधा मारून, कोन लावून. आणि आता पाणी सांगत होतं की सगळं वाकडं आहे.

"सोपं आहे," नेव म्हणाला. "डावीकडच्या पायाखाली पुठ्ठा घाल. चार घड्या केल्या की झालं."

"पुठ्ठा?" अॅथलचा चेहरा लाल झाला. "नेव, एकतीस वर्षांत मी एकाही खड्ड्यात पुठ्ठा घातला नाही. माझ्या घरात पुठ्ठ्यावर काहीही उभं राहणार नाही. पाणसळ आण."

पाणसळ, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, चौथऱ्यावर ठेवली. बुडबुडा उजवीकडे गेला, म्हणजे डावी बाजू खाली. जमिनीवर ठेवली. बुडबुडा उजवीकडे. बोळात ठेवली, झोपायच्या खोलीत ठेवली, दाराच्या उंबऱ्यावर ठेवली. बुडबुड्याने आपला विचार बदलला नाही.

"पेटी सरळ आहे," अॅथल सावकाश म्हणाला. "घर वाकडं आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्याला कारण होतं. हे घर चौतीस वर्षांपूर्वी दोन तुकडे करून ट्रकवरून आलं होतं, तिकडची सगळीच घरं येतात तसं, आणि कंबरभर उंचीच्या लाकडी खांबांवर चढलं होतं. ते खांब कंत्राटदाराने रोवले नव्हते. अॅथलने आणि नेवने रोवले होते, एका शनिवार-रविवारी. ग्लेनिसने शेजारीपाजारी सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं, माझ्या नवऱ्याने घर उभं केलं म्हणून.

"डावी रांग रविवारी दुपारी झाली, नाही का?" नेव म्हणाला. "जेवणानंतर."

"जेवणात काय होतं?"

नेवने आठवून पाहिलं. "जेवण नव्हतंच. बिअर होती."

अॅथलने नकळत वर पाहिलं. भिंतीवर लग्नाचा फोटो होता. त्याने पाणसळ उचलली आणि फोटोच्या वरच्या कडेवर धरली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

"फोटो सरळ आहे," तो म्हणाला. मग आवाज चढला. "नेव, फोटो सरळ आहे. पहिल्या दिवसापासून सरळ आहे. भिंत वाकडी आहे." तो तडक फोनकडे निघाला. चौतीस वर्षांचा हिशोब आत्ताच्या आत्ता चुकता करायचा होता.

"काय सांगणार तिला?" नेवने खुर्चीतूनच विचारलं.

"हेच. खिळा बरोबर होता. घर वाकडं आहे."

"मग ती विचारेल, घर कुणी बसवलं?"

अॅथलने उचललेला फोन परत ठेवला. खिळा वाकडा असणं एक वेळ परवडलं. घर वाकडं असणं परवडण्यासारखं नव्हतं. मग त्याने जे ठरवलं ते फक्त ग्रेडर चालवणाराच ठरवू शकतो. घर सपाट करायचं. ग्लेनिस येण्याआधी. कुणाला काही न सांगता.

पेटीतलं पाणी बादली बादलीने न्हाणीघरातल्या टबात गेलं. पुन्हा बावीस खेपा. कौन्सिलच्या डेपोतून दोन जॅक आले, तिसरा नेवच्या ट्रकचा. अॅथल पाठीवर सरपटत घराखाली शिरला, आणि नेव वर, पुढच्या खोलीत, पाणसळीसमोर खुर्ची टाकून बसला. गुडघ्याला झेपेल असं तेवढंच काम होतं.

"काय दिसतंय?" जमिनीखालून आवाज आला.

"बुडबुडा दिसतोय."

"कुठेय?"

"होता तिथेच."

अॅथलने दांडा हाणला. घर कण्हलं. वर कपाटातल्या बश्या किणकिणल्या.

"आता?"

"आता निघालाय. येतोय. सावकाश. थांब, बुडबुडा थांबला. नाही, मीच हललो होतो."

अशा गप्पा मारत तीन तासांत डावी रांग चार बोटं उचलली गेली. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर अॅथलने लाकडाचे ठोकळे ठोकून बसवले. नेवने वरून "मधोमध!" असं ओरडून सांगितलं, आणि त्याच क्षणी परसात फाटकन आवाज झाला.

घर वर गेलं होतं. पावसाच्या पाण्याची टाकी मात्र आपल्या स्वतंत्र ओट्यावर होती तिथेच होती. टाकीतून स्वयंपाकघरात येणारी नळी दोघांच्या मधे ताणली जाऊन टाकीच्या बुडाशी तुटली होती. अॅथल घराखालून सरपटत बाहेर येईपर्यंत सात महिन्यांपूर्वीचा पाऊस लाल मातीत मुरला होता. उरलेल्या डबक्यात गुलाबी काकाकुवे उतरून अंघोळ करू लागले होते.

"नेव, बाहेर ये," तो ओरडला.

"यायचंच आहे," आतून आवाज आला. "दार उघडत नाही."

पुढचं दार अॅथलने चौतीस वर्षांत अनेकदा रंध्याने तासलं होतं, दर वेळी थोडं थोडं, घराला बसेल असं. पावसाळी हवेत लाकूड फुगतं, असं त्याचं मत होतं. विराबिलात पावसाळी हवा कधी असते हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. आता घर सरळ झालं होतं आणि दार वाकड्या घराच्या मापाचं होतं. मागचं दार त्याहून गच्च बसलं होतं. अडुसष्ट वर्षांचा नेव खिडकीतून, आधी चांगला गुडघा मग वाईट गुडघा, असा बाहेर आला आणि गवतात बसून राहिला.

"मासेच पाळायचे होते ना?" त्याने विचारलं.

मागचं दार अॅथलने दुसऱ्या दिवशी तासून सोडवलं. पुढचं मात्र जागचं हललं नाही.

पण पेटी सपाट झाली. टबातलं पाणी परत पेटीत गेलं, तिसऱ्या बावीस खेपांनी, आणि पाणी चारही बाजूंनी दोन बोटांवर नीट उभं राहिलं. अॅथलने रेती धुऊन टाकली, नदीकाठचं एक वाळकं खोड घातलं, मोरीनबाईंनी टपालाने पाठवलेली पाणवनस्पती लावली, पाणी गाळायचं यंत्र सुरू केलं. रोज सकाळी तो चिमूटभर खाणं टाकी आणि खुर्चीत बसून रिकाम्या पेटीकडे बघे.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. पबात लोक विचारू लागले, "काय अॅथल, आज जेवले का मासे?"

"अजून मासे नाहीत."

"मग खातं कोण?"

"जंतू."

"बरे आहेत ना?"

अॅथल या थट्टेला भीक घालत नव्हता. त्याला त्रास होता तो वेगळाच. घर सपाट झाल्यापासून घरातली एकही वस्तू धड वागत नव्हती. तव्यावर अंडं फोडलं की ते उजवीकडे पळे आणि कडेला जाऊन शिजे. फ्रिजचं दार मिटत नव्हतं. मिटलं की आपलं आपण उघडे, म्हणून त्याने ते दोरीने बांधलं. जेवणाच्या टेबलावर ठेवलेली पेन्सिल घरंगळत उजव्या टोकाने खाली पडे. झोपेत तो स्वतः ग्लेनिसच्या बाजूला घसरत जाई आणि सकाळी पलंगाच्या काठावर जागा होई.

"जमीन सपाट आहे," नेव पाणसळ ठेवून म्हणाला. "चोख मधोमध."

"मग अंडं का पळतं?"

"अंडं जुनं असेल."

"आणि फ्रिज?"

"तोही जुना आहे." नेवकडे उत्तरं कधीच कमी नव्हती.

या सगळ्यावर चहाचं दुःख होतं. पावसाचं पाणी गावभर संपत आलं होतं, त्यामुळे मागायची सोय नव्हती. घरात दोनशे लिटर होतं, पण ते पेटीत. पाच आठवडे अॅथल बोअरच्या पाण्याचा, अंड्यांच्या वासाचा चहा प्यायला. पेटीतलं पाणी त्याने कपभरसुद्धा काढलं नाही. एकदा नेवने केटली घेऊन पेटीकडे नुसतं पाहिलं तर अॅथल मधे येऊन उभा राहिला.

दर शुक्रवारी तो पेटीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकी आणि रंग कुठला आला ते मोरीनबाईंना फोनवर सांगे. चार शुक्रवार रंग चुकत गेला. पाचव्या शुक्रवारी तो बरोबर आला, आणि नेमक्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ग्लेनिस यायची होती.

"आज मासे पाठवले तर उद्या पोहोचतील का?" त्याने विचारलं.

"उद्या पहाटेच्या बसने पाठवते," मोरीनबाई म्हणाल्या. "थर्माकोलच्या खोक्यात घालून. चारपर्यंत तुमच्याकडे."

ग्लेनिसही पहाटेच्याच बसने येणार होती. म्हणजे मासे घरात आणि मग ग्लेनिस घरात, हे जमणार नव्हतं. निदान बसमधून खोकं आधी उतरवून घ्यायचं, नेवच्या हाती घरी धाडायचं, ग्लेनिसला जरा फिरवून आणायचं, असं अॅथलने योजलं.

चार वाजता बस आली. दार उघडलं आणि पहिली ग्लेनिस उतरली. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, हातात एक पांढरं खोकं, आणि खोक्यावर बोटभर जाडीच्या अक्षरात लिहिलेलं: जिवंत मासे. अॅथल प्रिंगल, विराबिला.

"ड्रायव्हर म्हणाला, खाली सामानात आडवं पडेल, कुणी मांडीवर धरेल का," ग्लेनिस म्हणाली. "कुणी हात वर करेना, म्हणून मी केला. नाव नंतर वाचलं. पहाटेपासून तुझे मासे मांडीवर घेऊन बसलेय मी. संडासलासुद्धा बरोबर नेले."

 अॅथलने खोकं घेतलं आणि दुसऱ्या हाताने तिला जवळ घेतलं. पाच आठवडे हा फार मोठा काळ असतो हे त्याला आत्ता कळलं.

"पुढचं दार नको," घराशी आल्यावर तो घाईने म्हणाला. "रंग दिलाय. ओला आहे. मागून जाऊ."

ग्लेनिसने काळा चष्मा काढून दाराकडे पाहिलं. दाराचा रंग पोपडे आलेला होता. मग ती मागच्या अंगाला वळली. मागच्या दाराने आत पाऊल टाकलं आणि ती अडखळली.

"डॉक्टरांनी सांगितलंय," ती आत वाट बघत थांबलेल्या नेवचा हात धरून म्हणाली. "नव्या डोळ्यांनी थोडे दिवस पावलाचा अंदाज चुकेल म्हणून."

"चुकतो, चुकतो," नेव म्हणाला.

खोक्यात पाण्याने भरलेल्या पिशव्या होत्या, चार पिशव्या, चार मासे. मोरीनबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्या अर्धा तास पेटीत तरंगत ठेवल्या, मग एकेक गाठ सोडली. मासे बाहेर आले. आधी खोडामागे लपले. मग एकाने धीर केला, आणि त्यामागून बाकीचे आले. पातळ चंदेरी अंगं, काळे पट्टे, आणि वर-खाली लांबच लांब पर. त्यांना कसलीही घाई नव्हती. ग्लेनिस खुर्ची ओढून बसली. नर्स नव्हती, बहीण नव्हती, तिला कुणी उठवणार नव्हतं. तिच्या नव्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा अॅथलने नेवकडे पाहिलं, आणि नेव खिडकीबाहेर काहीतरी शोधू लागला. अॅथलला वाटलं, सहासष्ट खेपा फुकट गेल्या नाहीत.

मग ग्लेनिसची नजर वर गेली. सवयीने ती उठली, बोट पुढे केलं, आणि ते फोटोच्या कोपऱ्यापाशी थांबलं.

"अॅथल, फोटो सरळ आहे."

अॅथलने नजर माशांवरच ठेवली. "हो का?"

"आणि तू खिळ्याला हात लावलेला नाहीस. जुनाच आहे, वरचा रंगसुद्धा तसाच आहे." ती फोटोकडे बघत राहिली. "म्हणजे माझेच डोळे वाकडं बघत होते. मी तुला इतकी वर्षं बोलले, त्या पाद्रीसाहेबांसमोरसुद्धा बोलले, आणि खोट माझ्या डोळ्यांत होती. चुकलं रे माझं."

ज्या वाक्याची त्याने चौतीस वर्षं वाट पाहिली होती ते असं समोर आलं होतं. नुसतं "जाऊ दे" म्हटलं की झालं असतं. नेवने मान हलवून तेच सुचवलं. अॅथलने तोंडही उघडलं, पण तिचा चेहरा बघून ते शब्द बाहेर येईनात.

"तसं नाही गं," तो कसाबसा म्हणाला. "डोळ्यांचं असं काही..."

"चहा करते," ग्लेनिस म्हणाली. "कोरलकडच्या चहाला नुसता क्लोरीनचा वास." आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागे अॅथल, त्याच्या मागे नेव.

ग्लेनिसने फ्रिजला बांधलेली दोरी पाहिली. ओट्याशी जाऊन तव्यावर कडेला चिकटलेलं सकाळचं अंडं पाहिलं. टेबलाच्या उजव्या टोकाशी जमिनीवर पडलेल्या पेन्सिलीकडे पाहिलं. मग तिने गुडघे टेकले, फ्रिजचा डावा पाय जरा उचलायला नवऱ्याला सांगितलं, आणि त्याखालून चार घड्या घातलेला एक काळपट, चपटा झालेला पुठ्ठा ओढून काढला. दुसरा शेगडीखालून निघाला. तिसरा टेबलाच्या पायाखालून. झोपायच्या खोलीत जाऊन चौथा घेऊन आली. चारही तिने टेबलावर एकावर एक ठेवले. बिस्किटांच्या खोक्याचे होते. त्या कंपनीला बंद पडूनही वीस वर्षं झाली होती.

"आता हे लागणार नाहीत," ती म्हणाली.

अॅथल पुठ्ठ्यांकडे बघत होता. "हे कधी घातलेस?"

"घर आलं त्याच महिन्यात. तू रस्त्याच्या कॅम्पवर होतास. केक एका बाजूला फुगायला लागला तेव्हा कळलं मला."

"म्हणजे तुला माहीत होतं. घर वाकडंय ते."

"केक करणाऱ्या बाईला माहीत नसेल तर कुणाला असेल?"

"मग मघाशी ते डोळ्यांचं काय बोलत होतीस?"

"बघत होते, तू काय म्हणतोस ते. 'जाऊ दे' म्हणाला असतास ना, तर हे पुठ्ठे तसेच राहिले असते, आणि तुझी अंडी जन्मभर पळाली असती."

अॅथल खुर्चीवर बसला. "चौतीस वर्षं तू खिळ्यावरून बोलत राहिलीस. घराबद्दल एक शब्द नाही बोललीस?"

"घराबद्दल काय बोलायचं? दोन दिवस मरमर करून तू माझ्यासाठी घर उभं केलं होतंस. ते वाकडं म्हटलं असतं तर तुला फार लागलं असतं." ग्लेनिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि काही तरी बोलल्याशिवाय मलाही राहवत नव्हतं. म्हणून खिळा धरला. खिळ्याचं काय एवढं?"

 अॅथलने तिचा हात खांद्यावर तसाच धरून ठेवला. पुढच्या खोलीतून पाणी गाळायच्या यंत्राची गुरगुर येत होती.

"मला तरी सांगायचंस," नेव कुरकुरला. "ते खांब रोवायला मी पण होतो. मला काही लागलं नसतं."

"नेव," ग्लेनिस म्हणाली, "तुझ्या घराचे खांब कुणी रोवले होते?"

नेवने आठवून पाहिलं. त्याचं घर याच्या पुढच्या महिन्यात आलं होतं. तीच दोन माणसं, तसाच शनिवार, तसाच रविवार. तो पुढच्या खोलीत गेला, पाणसळ काखेत मारून मागच्या दाराने बाहेर पडला, आणि लंगडत कुंपणापलीकडे दिसेनासा झाला.

चहाला पावसाचं पाणी नव्हतं, हे अॅथलला आता सांगावं लागलं, आणि नळीबद्दलही, आणि काकाकुव्यांबद्दलही. मोरीनबाईंनी मासे आल्यावर आठवड्याला एक बादली पाणी बदलायला सांगितलं होतं. आज बदलायचंच आहे, असं ग्लेनिसने ठरवलं आणि केटली घेऊन पेटीशी गेली. मासे जरा बाजूला झाले. पाणी खळखळून उकळलं, चहा झाला, आणि पहिला घोट घेऊन ती म्हणाली की पाच आठवड्यांत पहिल्यांदा चहासारखा चहा मिळाला.

दुसरा कप ओतत होती तेवढ्यात मागचं दार वाजलं. नेव होता. पाणसळ त्याने घरीच ठेवली होती.

"ग्लेनिस," तो खाली बघत म्हणाला, "ते चार पुठ्ठे टाकून दिले नाहीस ना अजून?"